इंजिनातला कार्बन आणि पंपावरची बाटली

गाडी पंपावर लागते, टाकीचं झाकण उघडतं आणि नोझल आत जायच्या आधी प्रश्न येतो: ‘साहेब, इंजिन क्लीनर टाकू का? कार्बन निघतो, अ‍ॅव्हरेज वाढतं.’ पोराच्या हातात छोटी बाटली असते, मागे रांग हॉर्न मारत असते. कोणी ‘नको’ म्हणून सुटतो, कोणी ‘टाक बाबा’ म्हणतो. आपण बरोबर केलं की चूक, हे दोघांनाही कळत नाही.

२०२५च्या पावसाळ्यात ई२० पेट्रोलवरून, म्हणजे २० टक्के एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, जी चर्चा पेटली तिच्यानंतर या बाटल्यांचं पीकच आलं. अ‍ॅव्हरेज पडलं? कार्बन असेल, बाटली टाका. पिकअप गेलं? बाटली टाका. सकाळी स्टार्ट होताना थरथरते? तेच उत्तर.

यातल्या काही बाटल्या खरंच काम करतात. पण इंधनात घातलेलं औषध इंधन जिथे जातं तिथेच पोहोचतं. कार्बन त्या वाटेवर नसेल तर कितीही महाग बाटली ओता, त्याला धक्का लागत नाही. म्हणून आधी कार्बनचा पत्ता शोधायचा, मग बाटलीचं बघायचं.

काजळी, गोंद आणि तेलाचा चिकटा

घरात रॉकेलचा स्टोव्ह पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. ज्योत निळी असली की पातेलं स्वच्छ राहतं, पिवळी झाली की बूड काळं. निपलमध्ये कचरा अडकला की ज्योत वाकडी जाते आणि काजळी आणखी वाढते, मग पिन मारावी लागते. इंजिनात हेच चालतं, फक्त मिनिटाला हजारो वेळा आणि बंद दाराआड.

मेकॅनिक ज्याला सरसकट ‘कार्बन’ म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली काजळी, म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन. इंजिन थंड असताना गाडीतला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, त्यामुळे ती तेव्हा जास्त बनते. दुसरा गोंद. पेट्रोल गरम धातूवर सुकलं किंवा टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की मागे तपकिरी, वार्निशसारखा थर उरतो. तिसरा तेलाचा चिकटा. पिस्टनच्या कडेने थोडे वायू खाली ऑइलच्या भागात उतरतात. ते बाहेर हवेत सोडता येत नाहीत, म्हणून नळीने परत इनटेकमध्ये आणले जातात आणि सोबत ऑइलची बारीक वाफ घेऊन येतात. ती गरम व्हॉल्व्हवर भाजून टणक होते.

तिन्हींना सर्वांत पोषक काय? घर ते स्टेशन तीन किलोमीटर, स्टेशन ते घर तीन किलोमीटर, मध्ये चार सिग्नल. इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद. अशी ‘कमी चाललेली, जपून वापरलेली’ गाडी आतून बहुधा रोज पुणे–नाशिक करणाऱ्या टॅक्सीपेक्षा काळी निघते.

कार्बनचा पत्ता

हवेच्या वाटेने आत चला. एअर फिल्टरनंतर थ्रॉटल बॉडी लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिथली पाकळी उघडते. पाकळीच्या कडेला तेलकट काळा थर बसला की गाडी आयडलला, म्हणजे जागेवर चालू असताना, वरखाली होते, एसी लावला की बंद पडते. इथे पेट्रोल येतच नाही, त्यामुळे टाकीतली बाटली इथे निरुपयोगी. उपाय स्वस्त आहे: थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे कापडावर मारून पुसणं. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलायची नाही, तिची दातेरी चाकं तुटतात. साफ केल्यावर कॉम्प्युटरला आयडलची नवी जागा शिकवावी लागते, नाहीतर आरपीएम चढेच राहतात.

पुढे इनटेक मॅनिफोल्ड, त्यानंतर इनटेक व्हॉल्व्हची पाठ, मग सिलिंडरच्या आतला भाग, म्हणजे पिस्टनचा माथा आणि हेडची आतली बाजू. इंधनाच्या वाटेवर इंजेक्टरचं टोक, म्हणजे स्टोव्हचं निपल. आणि बाहेर पडताना ईजीआर व्हॉल्व्ह, जो थोडा जळका धूर परत आत पाठवतो. डिझेलमध्ये हा मोठाच पाहुणा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

इंजेक्टरच्या टोकापर्यंत आणि सिलिंडरमध्ये इंधन नक्की जातं, तिथे बाटली पोहोचते. थ्रॉटल, मॅनिफोल्ड आणि ईजीआरपर्यंत ती जात नाही. वादाची जागा उरते एकच: इनटेक व्हॉल्व्हची पाठ. तिथे पोहोचते की नाही, हे तुमच्या गाडीच्या इंजिनावर ठरतं.

तुमची गाडी पेट्रोल फवारते कुठे?

जुन्या-नव्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, इनटेकच्या तोंडाशी असतो. याला एमपीएफआय म्हणतात. पेट्रोल तीन-चार बार दाबाने व्हॉल्व्हच्या पाठीवरच फवारलं जातं आणि मग हवेबरोबर आत ओढलं जातं. नळाखाली धरलेल्या ताटासारखी व्हॉल्व्हची पाठ सतत धुतली जाते. पेट्रोलात चांगला क्लीनर असेल तर तो इथे बसलेला थर हळूहळू सोडवतो. मारुतीचं १.२ लिटरचं साधं इंजिन, ड्युअलजेटसुद्धा, याच वर्गातलं. ड्युअलजेटमधले दोन इंजेक्टरही सिलिंडरच्या बाहेरच असतात.

आता जीडीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. इथे इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत उघडतो आणि २०० ते ३५० बार दाबाने पेट्रोल सोडतो. त्यामुळे छोट्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. पण व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा एक थेंबही पडत नाही. तेलाची वाफ मात्र येतच राहते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा. कढईत कितीही भारी साबण घाला, फॅनच्या पात्यांवरचा चिकटा त्याने निघत नाही, कारण साबण तिथे जातच नाही. जीडीआयच्या व्हॉल्व्हची नेमकी तीच अवस्था आहे.

आपल्याकडे या वर्गात बऱ्याच गाड्या आल्या आहेत: फोक्सवॅगन-स्कोडाचे १.० आणि १.५ टीएसआय, ह्युंदाई-किआची टीजीडीआय इंजिनं, महिंद्राची एमस्टॅलियन टीजीडीआय, मारुतीचं १.० बूस्टरजेट. नुसतं ‘टर्बो’ लिहिलंय म्हणून डायरेक्ट इंजेक्शन असेलच असं नाही. टाटा नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल एमपीएफआय आहे. मॅन्युअलमध्ये ‘डायरेक्ट इंजेक्शन’, ‘जीडीआय’, ‘टीजीडीआय’ यातलं काही दिसतं का ते बघा.

टोयोटाने काही इंजिनांत बाहेर एक आणि आत एक असे दोन्ही इंजेक्टर बसवले, त्याला ते डी-४एस म्हणतात. व्हॉल्व्ह धुतले जाणं हा त्यातला एक फायदा. खुद्द कंपन्यांना दोन-दोन इंजेक्टर बसवून जे साधावं लागतं ते पंपावरच्या बाटलीने साधेल अशी आशा का धरायची? जीडीआयमध्ये बाटलीचा उपयोग इंजेक्टरच्या टोकापुरता आणि सिलिंडरच्या आतल्या थरापुरता. तोही उपयोग खरा आहे, कारण जीडीआयचा इंजेक्टर थेट ज्वाळेत असतो आणि त्याच्या बारीक भोकांवर काजळी लवकर बसते.

बाटलीत असतं तरी काय?

कामाचा घटक म्हणजे डिटर्जंट. साबणासारखाच त्याचा रेणू दोन तोंडांचा असतो. एक टोक घाणीला चिकटतं, दुसरी लांब शेपटी पेट्रोलात विरघळते. घाण सुटते, पेट्रोलाबरोबर आत जाते आणि जळते.

पेट्रोलसाठी दोन घराणी महत्त्वाची. पॉलीआयसोब्युटिलीन अमाइन हे जुनं. ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर चांगलं चालतं, पण सिलिंडरच्या आतल्या थरावर त्याचा उपयोग नाही, उलट थोडी भर पडू शकते. दुसरं पॉलीइथरअमाइन, थोडक्यात पीईए. १९८०च्या दशकात शेव्हरॉन या अमेरिकन कंपनीने ते बाजारात रुजवलं. जास्त तापमानाला टिकतं आणि स्वतः स्वच्छ जळून जातं, म्हणून सिलिंडरच्या आतही काम करतं. बाटली घ्यायची तर पीईएची.

बाटलीच्या दर्शनी भागावर हे क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे चकचकीत पिस्टनचं चित्र असतं. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उत्पादनाचं सुरक्षा-माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, शोधा. घटकांच्या तक्त्यात पॉलीइथरअमाइन दिसलं आणि प्रमाण ३०-५० टक्क्यांच्या घरात असलं तर माल दमदार. सगळी जागा नॅप्था आणि केरोसीनसारख्या द्रावणांनी भरलेली असेल तर तुम्ही महागडं रॉकेल विकत घेताय. एसडीएस मिळतच नाही अशी बाटली दुकानातच राहू द्यावी.

आणि प्रमाण बघा, कारण इथेच पंपावरची छोटी बाटली उघडी पडते. समजा, ३०० मिलीच्या बाटलीत ३० टक्के पीईए आहे. म्हणजे ९० मिली खरा माल. ५० लिटर पेट्रोलात तो दहा लाख भागांत १८०० भाग होतो, साचलेलं काढायला पुरेसा. आता १०० मिलीची बाटली, त्यात १० टक्के माल. १० मिली, ४० लिटरमध्ये, म्हणजे दहा लाखांत फक्त २५०. एवढ्यात स्वच्छ इंजिन स्वच्छ राहील, पण घट्ट बसलेला थर हलणार नाही. ताटावरचं पिठलं सुकल्यावर थेंबभर साबणाने काय होतं, तसंच.

‘ऑक्टेन बूस्टर’ ही वेगळीच वस्तू आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची ताकद. सफाईशी त्याचा संबंध नाही. काही बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोहाची संयुगं असतात. त्यांचा लालसर थर स्पार्क प्लगवर बसतो आणि प्लग मिसिंग मारू लागतो, म्हणजे त्याची ठिणगी मध्येच चुकते. कार्बन काढायला गेलात आणि लोखंड लावून आलात, असा प्रकार.

ई२०साठीची खास बाटली?

‘एथेनॉलचा परिणाम नाहीसा करते’ असं लिहिलेल्या बाटलीपुढे साधा गुणाकार ठेवा. ४० लिटर ई२०मध्ये ८ लिटर एथेनॉल असतं. ५० मिलीची बाटली या ८ लिटरचं काहीही करू शकत नाही. ‘पाणी शोषून घेणारी’ बाटली तर आणखी गमतीची, कारण त्यात बहुतेकदा अल्कोहोलच असतं. ८ लिटर अल्कोहोल आधीच टाकीत आहे, त्यात आणखी एक चमचा.

गंज रोखणारा घटक असलेली बाटली बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीला उपयोगी पडू शकते. पण जुन्या गाडीतला रबर पाइप किंवा सील एथेनॉलने फुगला असेल तर तो बाटलीने पूर्ववत होत नाही, बदलावाच लागतो.

ई२०ने कमी झालेलं अ‍ॅव्हरेज कार्बनमुळे नसतं, हे सांगायलाच हवं. एथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच हे लिहून ठेवलंय: मुळात बिनएथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई२०वर ६-७ टक्क्यांनी घटेल, ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्यांचं १-२ टक्क्यांनी. ही घट बाटली भरून काढू शकत नाही.

एथेनॉल स्वतः चांगलं द्रावण आहे. जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गोंद आणि गंज ते सोडवतं आणि तो कचरा फिल्टरमध्ये येतो. दहा वर्षांची गाडी ई२०नंतर चढावर दम टाकत असेल तर पहिला संशय फ्युएल फिल्टरवर घ्या.

पेट्रोलात टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या, ऑइलची दोन झाकणं घालण्याचा सल्लाही फिरतोय, ‘वंगणासाठी’ म्हणून. टू-स्ट्रोक स्कूटरचे सायलेन्सर जाळून कार्बन काढणारी पिढी अजून आहे, त्यांना विचारा ते ऑइल मागे काय ठेवतं. फोर-स्ट्रोक गाडीत ते घालणं म्हणजे कार्बन विकत घेणं. थिनर, अ‍ॅसिटोन, रॉकेल यांचंही तेच. पहिले दोन रबर खातात, तिसऱ्याने इंजिन नॉक करतं.

आधी रोग ओळखा

सकाळी थंड इंजिन थरथरणं, पिकअप मंदावणं, चढावर खडखड म्हणजे नॉकिंग, मध्येच मिसिंग: ही कार्बनची लक्षणं खरी. पण हीच लक्षणं जुन्या प्लगची, प्लगला वीज पुरवणाऱ्या कमजोर कॉइलची, फुटलेल्या व्हॅक्यूम पाइपची आणि तुंबलेल्या एअर फिल्टरचीही आहेत. अ‍ॅव्हरेजच्या तक्रारीत तर टायरमधली हवा आधी मोजावी.

गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारे ओबीडी स्कॅनर आता स्वस्त झालेत आणि मोबाइलला जोडता येतात. त्यात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा बघा. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते तो सांगतो. शून्याच्या आसपास उत्तम. ई१०साठी जुळवलेल्या गाडीत ई२० भरलं की तो चारेक टक्के वर जाणं स्वाभाविक आहे. एथेनॉलसोबत प्राणवायू येतो, म्हणून पेट्रोल जास्त सोडावं लागतं. अधिक दहाच्या वर गेला तर काहीतरी बिघडलंय.

तो आकडा आयडलला एकदा बघा आणि २५०० आरपीएमला पुन्हा. आयडलला जास्त आणि वेग वाढवल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी फटीतून हवा शिरतेय, तिथे बाटलीचं काम नाही. आयडलला ठीक पण भार पडल्यावर वाढत असेल तर इंजेक्टर तुंबलेत किंवा पंपाचा दाब कमी आहे. इंजेक्टर तुंबले असतील तर बाटलीला वाव आहे. मिसिंग एकाच सिलिंडरला असेल तर त्याची कॉइल शेजारच्याला लावून बघा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर दोषी कॉइल.

टाकायचीच तर अशी

टाकी पाव भागावर आली की बाटली आधी ओता आणि त्यावर पेट्रोल भरा. वरून पडणाऱ्या धारेने ती नीट मिसळते. लेबलवर किती लिटरसाठी आहे ते पाहून तेवढंच पेट्रोल भरा. ३०० मिली ६० लिटरसाठी असेल तर ते लिटरला ५ मिली झालं, म्हणजे ३५ लिटरच्या टाकीला १७५ मिली. ‘जरा जास्त टाकू’ हा मोह आवरा. जास्त औषधाने पेट्रोलच्या जळण्यावर परिणाम होतो आणि जळलं नाही ते ऑइलमध्ये उतरतं.

त्यानंतर किमान एकदा चाळीस-पन्नास किलोमीटर सलग चालवा, शक्यतो हायवेवर, इंजिन पूर्ण तापलेलं आणि आरपीएम अडीच-तीन हजारांच्या आसपास. एक गिअर खाली ठेवला की हे मर्यादित वेगातही जमतं. डिटर्जंटला उष्णता लागते आणि सुटलेली घाण जळायला प्रवाह लागतो. बाटली टाकून गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये ठेवणं म्हणजे कपडे भिजवून विसरणं. मध्ये टॉप-अप न करता टाकी जवळपास रिकामी होऊ द्या.

वेळ निवडा ती ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीची. पीईएचा थोडा अंश पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये जातो. चार-पाचशे किलोमीटरने ऑइल बदलणारच असेल तर तो तिथेच संपतो. म्हणजे दहा हजार किलोमीटरला एकदा, सर्व्हिसिंगच्या तोंडावर. शहरातच फिरणारी गाडी असेल तर पाच हजारांना. दर टाकीला टाकायची गरज नाही.

आणि खर्चाचा हिशोब: ४० लिटर पेट्रोल १०४ रुपयांनी धरलं तर ४१६० रुपये. समजा अ‍ॅव्हरेज खरंच ३ टक्के सुधारलं, तर टाकीमागे १२५ रुपये वाचले. ६०० रुपयांची बाटली वसूल व्हायला पाच टाक्या. तुंबलेल्या इंजेक्टरची गाडी असेल तर सौदा चांगला, स्वच्छ इंजिनाची असेल तर आतबट्ट्याचा.

‘टाकल्यावर गाडी आणखीच बिघडली’

असं होतं, आणि याचा अर्थ बाटली खोटी होती असा नाही. सुटलेला गोंद फिल्टरमध्ये किंवा इंजेक्टरच्या आतल्या बारीक जाळीत अडकू शकतो. कार्बनचा टवका व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये सापडला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं आणि मिसिंग सुरू होतं. बहुतेकदा थोडं चालवल्यावर टवका निघून जातो. फार जुन्या, कधीच साफ न केलेल्या गाडीत म्हणून पहिली मात्रा अर्धीच द्यावी आणि फ्युएल फिल्टर सुटा बदलता येत असेल तर नंतर बदलावा.

चेक इंजिनचा दिवा नुसता जळत असेल तर स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या. तो लुकलुकत असेल तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची किंमत शंभर बाटल्यांएवढी असते.

‘मी प्रीमियम पेट्रोलच भरतो’

प्रीमियम म्हणजे कधी जास्त ऑक्टेन, कधी जास्त क्लीनर, कधी दोन्ही. नावावरून कळत नाही. ९५ किंवा १०० हा आकडा ऑक्टेनचा आहे, सफाईचा नाही. साध्या इंजिनाला १०० ऑक्टेन पाजून कार्बन निघत नाही.

पेट्रोलातल्या क्लीनरने फरक पडतो हे मात्र पक्कं. अमेरिकेत १९९५पासून प्रत्येक पेट्रोलात किमान डिटर्जंट सक्तीचा आहे. तो किमान डोस अपुरा वाटल्याने बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४मध्ये ‘टॉप टियर’ नावाचं कडक मानक आणलं. तिथल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१६मध्ये दोन्हींची तुलना केली. साधारण ६४०० किलोमीटरइतकं इंजिन चालवल्यावर साध्या पेट्रोलाने इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर ठेवला होता. अर्थात हा व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला जाणाऱ्या इंजिनाचा हिशोब. आपल्याकडच्या एमपीएफआय गाडीत क्लीनरवालं पेट्रोल नेहमीच भरत असाल तर वेगळ्या बाटलीची गरज फारशी उरत नाही.

‘सर्व्हिस सेंटरवाले डिकार्ब सुचवतात’

‘डिकार्ब’ या एका शब्दाखाली बऱ्याच गोष्टी विकल्या जातात, म्हणून ‘नेमकं काय करणार?’ हे विचारा. फ्युएल लाइनला डबा जोडून इंजिन क्लीनरवर चालवत असतील तर ती बाटलीचीच तीव्र आवृत्ती. जाते तिथेच जिथे पेट्रोल जातं. इनटेकमधून फवारत असतील तर व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते, पण भाजून टणक झालेला थर निघणं कठीण. शिवाय द्रव एकदम जास्त ओतलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. या वेळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा लोट दाखवून ‘बघा, कार्बन निघाला’ म्हणतात. तो बहुतेक फवारलेल्या रसायनाचाच धूर असतो. यंत्रातून हायड्रोजन सोडून अर्ध्या तासात इंजिन साफ करणाऱ्यांना एकच विचारावं: आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवा. मोबाइलला जोडायचा बोरस्कोप कॅमेरा प्लगच्या भोकातून आत जातो, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

इंजेक्टर खरोखर तुंबले असतील तर ते काढून अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं आणि काचेच्या नळ्यांत चारही इंजेक्टरांची धार मोजणं, हा सरळ मार्ग. धार समान आली की काम झालं. ओ-रिंग आणि बारीक जाळ्या त्याच वेळी नव्या घ्याव्यात.

जीडीआयच्या व्हॉल्व्हसाठी खात्रीचा उपाय हाताने करायचा आहे. मॅनिफोल्ड उतरवायचं, ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतील अशा जागी इंजिन फिरवून ठेवायचं, आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून सोबतच व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. टरफल कार्बन खरवडण्याएवढं कडक आणि धातूला ओरखडा न पडण्याएवढं मऊ असतं. ही सोय मोजक्याच वर्कशॉपमध्ये आहे. बाकी ठिकाणी रसायनात भिजवून ब्रशने घासतात, तेही चालतं, वेळ जास्त लागतो. लक्षणं नसताना हे करून घेऊ नये. थर उशिरा जमावा यासाठी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलणं हाच जीडीआय मालकाच्या हातातला खरा उपाय, कारण तो थर मुळात ऑइलचा आहे.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलचा काळा शत्रू इनटेकमध्ये बसतो. ईजीआरमधून येणारी काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र आली की डांबरासारखा गोळा तयार होतो आणि हवेची वाट अर्धी करून टाकतो. डिझेल त्या वाटेने जात नाही. ईजीआर आणि मॅनिफोल्ड उतरवूनच धुवावं लागतं.

इंजेक्टरची गोष्ट वेगळी. कॉमन रेल, म्हणजे आजच्या डिझेल गाड्यांच्या इंजेक्शन पद्धतीत, दाब १६०० ते २००० बार किंवा वर, भोकं केसापेक्षा थोडीच मोठी. इथे डिझेलसाठीचा डिटर्जंट उपयोगी पडतो. पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये टाकू नये. सिटेन म्हणजे दाबाखाली चटकन पेटण्याची डिझेलची ताकद. ‘सिटेन बूस्टर’ची फार गरज नाही, कारण बीएस६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण-नियमांच्या, डिझेलचा सिटेन आकडा मुळातच किमान ५१ असतो. दर सर्व्हिसिंगला डिझेल फिल्टर बदलणं आणि त्याखालच्या भांड्यातलं पाणी काढणं जास्त मोलाचं.

बीएस६ गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुराची काजळी अडवणारी जाळी, स्वतःला ६०० अंशांच्या आसपास तापवून साफ करते. दिवा लागला की वीसेक मिनिटं सलग साठच्या वर चालवा. दर वेळी मध्येच गाडी बंद केली तर त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय, लगेच बदला.

आणि सीएनजी

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल फक्त सुरुवातीला आणि गॅस संपल्यावर वापरलं जातं. गॅस स्वच्छ जळतो, त्यामुळे काजळी कमी. पण टाकीतलं तेच पाच लिटर पेट्रोल सहा महिने जुनं होतं, पेट्रोल इंजेक्टर कोरडे पडतात, गोंद धरतात, आणि एके दिवशी गॅसच्या रांगेत असताना गाडी पेट्रोलवर चालत नाही. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवणं हा यावरचा फुकट उपाय.

बाटली टाकून गॅसवर फिरलात तर ती टाकीतच बसून राहते. म्हणून दहाच लिटर पेट्रोल भरायचं, लिटरला ५ मिलीच्या हिशोबाने ५० मिली औषध घालायचं आणि ते दहा लिटर संपेपर्यंत स्विच पेट्रोलवर ठेवायचा. मोजायला खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण चालतं. नंतर ते झाकण फेकून द्या.